वाचकांचे प्रश्न : घोडीची पाठ, आखडलेले पुठ्ठे आणि बैलाचा खांदा

प्रश्न : माझी घोडी लग्नाच्या वरातीत चालते. एप्रिल-मेमध्ये जवळपास रोज काम असतं. आता पाठीवर हात ठेवला की ती पाठ खाली दबवते आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येते. रोज तिळाचं तेल गरम करून जोर लावून रगडतो, पण फरक नाही. मालिश करायची योग्य पद्धत कोणती?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : मालिशीच्या आधी खोगीर पाहा. वरातीचं सजवलेलं खोगीर बहुतेक वेळा एकाच मापाचं असतं आणि तेच सगळ्या घोड्यांवर चढवलं जातं. खोगिराचा भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर पडला पाहिजे, कण्यावर अजिबात नाही. नवरदेव बसल्यावरही मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं आत जावीत आणि मागून पाहिल्यास मधल्या फटीतून आरपार उजेड दिसावा. काम संपवून खोगीर उतरवलं की घामाचा ठसा बघा. आजूबाजूची सगळी पाठ ओली आणि मध्येच तळहाताएवढी जागा कोरडी असेल, तर दाब तिथेच पडतोय. अशा जागी पुढे पांढरे केस उगवतात. पण वरातीची घोडी मुळातच पांढरी असली की ही खूण दिसत नाही, ती जागा बोटांनीच शोधावी लागते. खोगीर सुधारलं नाही, तर रोजची मालिश वाया जाणार.

आता मालिश. घोडी तापलेली असताना नको आणि झोपेतून उठल्याबरोबरही नको. आधी दहा मिनिटं सावकाश चालवा, मग खरारा करा. खुंट्याला आखडून बांधू नका, ओळखीच्या माणसाच्या हाती दोर द्या. तुम्ही खांद्याजवळ उभे राहा आणि एक हात कायम तिच्या अंगावर ठेवा. पहिली दोन-तीन मिनिटं उघडा तळवा केसांच्या दिशेनं मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत फिरवा. यात दाब द्यायचा नसतो, कुठे गरम लागतं, कुठे गाठ आहे, कातडी कुठे थरथरते ते कळून घ्यायचं असतं. मग कण्यापासून चार बोटं अंतर सोडून, तळव्याच्या टाचेनं लहान लहान गोल फिरवत मागे जा. जोर मनगटाचा नको. अंगाचा भार हळूहळू टाका आणि तसाच हळूहळू काढा. गाठ लागली तर रगडू नका, वीस-तीस सेकंद नुसता दाब ठेवा. एका भागाला पाच ते सात मिनिटं आणि सगळ्या अंगाला मिळून अर्धा तास पुष्कळ झाला.

घोडीनं मान खाली सोडली, खालचा ओठ लोंबू लागला, ती तोंड चघळू लागली, म्हणजे हात बरोबर पडतोय. कान मागे गेले, शेपूट झटकली, पाठ दबली की दाब निम्मा करा. सध्या तुमच्या घोडीला जोर नकोच आहे. रगडण्यानं ती अंग अजून आवळून धरते. गुडघ्याच्या आणि मागच्या पायाच्या ढोपराच्या खाली मांस नसतं, नुसते स्नायूबंध (कंडरा) असतात, तिथे दाबायचं नाही.

तेलाची गरज नाही. तेलावर धूळ बसते, खोगिराखाली तेच घासतं आणि फोड येतात. टर्पेंटाइनचं मलम लावून वर खोगीर किंवा पट्टी चढवली, तर कातडी भाजते.

शेवटी गाजर दाखवून तिला मान दोन्ही कुशींकडे आणि पुढच्या पायांच्या मध्ये खाली वळवायला लावा. प्रत्येक वेळी पाच ते दहा सेकंद, असं तीन-चार वेळा. पाठ ताणण्याचा यापेक्षा सोपा व्यायाम नाही. आठ दिवस खोगीर न चढवताही पाठ दुखतच असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : तापलेल्या घोड्यावर थंड पाणी टाकलं की अंग धरतं, हे खरं का?
— एक वाचक, मोर्शी (जि. अमरावती)

उत्तर : खरं नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्तानं यावर नीट अभ्यास झाला आणि तेव्हापासून स्पर्धेतल्या घोड्यांवर भरपूर थंड पाणी ओततात. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात तर ते हवंच. मान, छाती, पाठ, पुठ्ठे, सगळीकडे पाणी सतत ओतत राहा आणि घोडा सावलीत, वाऱ्याला ठेवा. पिण्याचं पाणीही अडवू नका. घाम गाळणाऱ्या घोड्याला रोज 30 ते 60 ग्रॅम मीठ चंदीत (दाण्याच्या खुराकात) द्या. मीठ कमी पडलं की पुठ्ठ्यात गोळे येतात.

प्रश्न : घोडा आठवडाभर बांधून होता, हरभऱ्याची चंदी मात्र रोजची चालू होती. फिरवायला नेला तर पंधरा मिनिटांत घामानं डबडबला, पुठ्ठे दगडासारखे झाले, पाऊल टाकेना. मालिश केली तर जास्तच थरथरला. असं का?
— एक वाचक, चिखली (जि. बुलढाणा)

उत्तर : हे साधं आखडणं नसावं. विश्रांतीत चंदी पूर्ण आणि मग एकदम काम, असं झालं की काही घोड्यांचे स्नायू आतून तुटू लागतात. त्यातला लाल रंगाचा घटक रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. लघवी काळ्या चहासारखी दिसली, तर एक मिनिटही थांबू नका. घाम आणि अस्वस्थपणा बघून लोक याला पोटशूळ समजतात आणि घोड्याला चालवत राहतात. इथेच नुकसान वाढतं. घोडा आहे तिथेच उभा करा. चालवू नका, मालिश करू नका, पाणी पुढे ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. जनावरांच्या उपचारासाठी असलेल्या 1962 या हेल्पलाइन क्रमांकावर फोन लावता येतो. रक्त तपासलं की निदान पक्कं होतं. पुढे, काम नसेल त्या दिवशी चंदी निम्मी, चारा पोटभर, आणि रोज थोडं तरी फिरवणं.

प्रश्न : बैलाचा खांदा सुजला आहे, हात लावू देत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपानं खांद शेकतो. आता तसंच शेकलं तर चालेल का?
— एक वाचक, साकोली (जि. भंडारा)

उत्तर : धडधाकट खांद्याला चालतं, सुजलेल्या गरम खांद्याला नाही. पहिले दोन दिवस गार पाण्याची घडी, दिवसातून तीन वेळा, पंधरा-वीस मिनिटं. कातडी फाटलेली नसेल तर मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीनचा लेप लावा. सूज थंड झाली की मग कोमट शेक आणि हलका हात. मध्येच मऊ लागलं, तर पू झाला असेल. फोडू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकची सुई मुळीच नको. मेलेल्या जनावरांतून ते औषध गिधाडांच्या पोटात जाऊन गिधाडं मेली, म्हणून जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे.

सूज पूर्ण उतरेपर्यंत मानेवर जू नको. आणि जोडीतला दुसरा बैल उंचीनं वेगळा आहे का, ते पाहा. उंची जुळत नसेल तर जू तिरकं बसतं आणि बंडीला जुंपल्यावर एकाच बैलाचा खांदा पुन्हा पुन्हा सोलतो.