नांबुआंगोंगो परत घेतलं म्हणजे पोर्तुगीज जिंकले का?

प्रश्न असा आहे की १९६१ च्या ऑपरेशन विरियातोत पोर्तुगीजांनी उत्तर अंगोलातलं नांबुआंगोंगो बंडखोरांकडून परत घेतलं, ते यश मानायचं का. माझं मत, फोटोपुरतं यश.

आमच्या डिचोलीच्या मामांनी चतुर्थीला हाच विषय काढला होता. त्यांचे वडील पोर्तुगीज अमदानीत कारकून, त्यामुळे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं नाव निघालं की मामांचा आवाज चढतो. आरती झाली, पानं मांडली नी मामा सुरू, "अरे, अंगोलात पाठवल्या तशा बटालियन इकडे गोव्यात आल्या असत्या तर तुमचं ३६ तासांत गोवा मुक्त केल्याचं कौतुक तिथल्या तिथे जिरलं असतं!" मी म्हटलं मामा, तिकडे समोर कोण होतं ते तरी बघा. यूपीए म्हणजे अंगोलातल्या बंडखोरांची संघटना, तिच्या लोकांकडे कोयते आणि पाइपापासून घरी बनवलेल्या ठासणीच्या बंदुका, त्यात खिळे-लोखंडाचे तुकडे भरायचे. तरी तीन वाटांनी निघालेल्या फौजेला महिना लागला, कारण रस्त्यावर झाडं आडवी पाडलेली, चर खणलेले, म्हणजे सैनिकांनी उतरायचं, झाड कापायचं, चर बुजवायचा, आणि हे करताना गवतातून गोळी यायची. ९ ऑगस्टला पोर्तुगीज अधिकारी मासानिताची बटालियन पोचली तोवर बंडखोर जंगलात पसार. ठाणं मिळालं, पण युद्ध १९७४ पर्यंत चाललंच ना!

मामी म्हणाल्या आधी जेवा. मामा मुगाची गाठी वाढून घेत पुन्हा तेच, "पण शिस्त होती हो."

शिस्त कसली? गोव्यात साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक, समोर रणगाडे-विमानांसकट भारतीय सेना, आणि लिस्बनहून हुकूम की शेवटपर्यंत लढा. गव्हर्नर वासालो इ सिल्वाने तो मानला नाही म्हणून पणजी धड राहिली, आणि त्या माणसाला सालाझारने नंतर लष्करातून हाकललं. मामा त्यालाच भित्रा म्हणतात. ज्यांना हे भित्रेपण खुपतं त्यांनी आपलं घर लढाईसाठी द्यायची तयारी होती का ते आधी सांगावं.

एक राहिलं, यूपीएवाले काही संत नव्हते. त्याच १९६१ च्या १५ मार्चला त्यांनी कॉफीच्या मळ्यांवर गोऱ्यांची बायकापोरं कापली, दक्षिणेकडून आणलेले काळे मजूरही कापले. बदल्यात पोर्तुगीजांनी गावंच्या गावं जाळली, लाखाच्या वर माणसं काँगोत पळाली. मामांना हे अजून सांगायचंय, पण सध्या ते माझे फोन मामींकडे देतात.