सी लँग्वेजमधे एक अक्षर वाचताना प्रोग्राम थांबतच नाही, असं का?

म्हणजे दोन नंबरांची बेरीज बरोबर येते, पण मग 'परत करायचं का, वाय की एन' विचारलं की प्रोग्राम उत्तराची वाट न बघता बंद होतो, हेच ना? कीबोर्डला शिव्या देऊ नका, तो बिचारा ठीक आहे.

मी स्वतः सेकंड सेमच्या प्रॅक्टिकलला यात अर्धा तास घालवलाय, एक्स्टर्नल मागे उभे आणि मी आपला परत परत कंपाइल करतोय. शेवटी वैतागून ते आलेलं अक्षर परसेंट डी लावून, म्हणजे आकडा म्हणून, प्रिंट केलं तर स्क्रीनवर 10. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. 10 हा न्यूलाइनचा आस्की कोड, म्हणजे नंबर टाइप करून आपण जे एंटर मारलं तेच! इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफ मधला परसेंट डी आकडे उचलतो आणि एंटर बफरमधे (टाइप केलेलं साठतं ती जागा) तसंच सोडून देतो, मग मागून एक अक्षर वाचणारा परसेंट सी येतो, त्याला स्पेस काय एंटर काय सगळं सारखंच, समोर पहिलं दिसेल ते घेऊन मोकळा.

उपाय एका स्पेसचा आहे. कोटमधे परसेंट सी च्या आधी एक स्पेस सोडा, मग तो आधीचे सगळे स्पेस आणि एंटर गिळून खरं अक्षर घेतो. पण आधीच हं, नंतर नाही. नंतर सोडली तर वाय दाबून एंटर मारत बसाल आणि तो पुढचं काहीतरी टाइप होईपर्यंत हलणार नाही.

एफफ्लश मधे एसटीडीइन देऊन बफर साफ करा असं बरेच सर सांगतात, ते स्टँडर्ड सी मधे अनडिफाइंड आहे, एका मशीनवर चालेल दुसरीकडे नाही, नादी लागू नका. एक अक्षर वाचायला गेटचार वापरत असाल तर व्हेरिएबल इंट घ्या, कारण ईओएफ, म्हणजे इनपुट संपल्याची खूण, ही निगेटिव्ह व्हॅल्यू असते आणि कॅर मधे ती नीट ओळखता येत नाही.

आणि एंटर न दाबताच अक्षर हवं असेल तर टर्बो सी मधे गेटसीएच आहे, पण ते कोनिओ डॉट एच मधलं, लिनक्सवर जीसीसी कंपायलरला ती फाइलच सापडत नाही. तिथे टर्मिनल पूर्ण ओळ झाल्याशिवाय प्रोग्रामला काही देतच नाही, त्यामुळे टर्मिओस (टर्मिनलची सेटिंग बदलायची सोय) वापरून आयकॅनॉन, म्हणजे ही पूर्ण ओळीची वाट बघायची सेटिंग, बंद करावं लागतं, आणि प्रोग्राम संपताना आठवणीने परत चालू करा.