'आतला आवाज', सुचणं आणि मनाची ग्वाही

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: 'रुग्णांच्या नातेवाइकांसाठी लहानशी पुस्तिका मराठीत करते आहे. एका प्रकरणाचं नाव ठेवलंय, "कठीण काळात आतला आवाज ऐकायला शिका". वाक्यात चूक नाही, पण आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "असं कोण बोलतं?" घरात बोलतात तसा शब्द आहे का?'

ताई, तुमच्या आईचा कान पक्का आहे. 'आतला आवाज' मराठीला परका नाही, पण तो सभेतला आहे, माजघरातला नाही. गांधीजींनी ८ मे १९३३ रोजी येरवड्याच्या तुरुंगात एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं (सरकारने त्यांना त्याच दिवशी सोडलं, आणि उपोषण पुण्यातच, 'पर्णकुटी' बंगल्यात पुरं झालं). या उपोषणामागे आतला आवाज होता, असं त्यांनी त्याच वर्षी आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात लिहिलं. आधी मनात मोठा झगडा चालला होता. मग आवाज आला, तो खरंच आतला आवाज आहे याची त्यांनी खात्री करून घेतली, आणि झगडा थांबला. एखादा माणूस बोलावा इतका तो त्यांना स्पष्ट ऐकू आला होता. म्हणून तिथे 'आवाज' हाच शब्द नेमका आहे. पुढे १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत अंतरात्म्याला स्मरून मत द्या, असं आवाहन झालं आणि हा आवाज राजकारणातही पोचला.

पण अतिदक्षता विभागाबाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाला 'आतला आवाज ऐका' म्हटलं, तर तो बिचारा खरंच कान देऊन बसेल, आणि काहीच ऐकू आलं नाही म्हणून आणखी घाबरेल.

तो माणूस स्वतः काय म्हणतो, ते आठवून पाहा. तो म्हणतो, 'मला काही सुचत नाही हो.' माझ्या मते तुमचा शब्द इथेच आहे. 'सुचणे'च्या मुळाशी संस्कृतातला 'सूच्' हा धातू आहे: दाखवणं, इशारा देणं. 'सूचना', 'सूचक' त्याच घरातले. आतून कुणीतरी खूण करतं आणि ती आपल्यापर्यंत पोचते, ते सुचणं. याचं व्याकरणही पाहण्यासारखं आहे. 'मी सुचतो' असं कुणी म्हणत नाही, 'मला सुचतं'. भूक लागते, झोप येते, तसंच हे. कुणाला 'सुच!' अशी आज्ञा करता येत नाही. आणि चहूकडून संकटं आली की मराठी माणूस म्हणतो, 'सुचेनासं झालंय.' तुमच्या मथळ्यातला 'कठीण काळ' आणि 'आतला आवाज' हे दोन्ही या एका क्रियापदात मावलेत.

वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करायची होती, तेव्हा माझा हात चालेना. फोनवर तीन नातेवाइकांचे तीन सल्ले. शेजारी आत्या होती. ती एवढंच म्हणाली, 'सुचत नाही ना? मग आधी तोंडावर पाणी मार. चहा घे. आणि मग मनाला विचार.' 'मनाचं ऐक' असं ती म्हणाली नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. मराठीत 'एखाद्याचं ऐकणं' म्हणजे त्याच्या म्हणण्याप्रमाणे वागणं. 'पोरगं कुणाचं ऐकत नाही' हे कानाबद्दलचं वाक्य नव्हे. घाबरलेल्या मनाचं तसं ऐकलं, तर माणूस पळ काढेल. मनाला विचारणं वेगळं. तिथे प्रश्न आपला असतो.

विचारल्यावर मन जे देतं, त्याला आपल्याकडे 'ग्वाही' म्हणतात. शब्द मूळ फारसी, 'गवाही', म्हणजे साक्ष. तुकोबांनी तो कायमचा मराठी करून टाकला: 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता'. चार लोक काय म्हणतात यापेक्षा मनाला साक्षीला उभं केलं. आजही आपण सहज म्हणतो, 'माझं मन ग्वाही देत नाही.'

गंमत म्हणजे 'मन चिंती ते वैरी न चिंती' या म्हणीतही कर्ता मनच आहे. एकच मन साक्षही देतं आणि नको ते चिंततही बसतं. मग ओळखायचं कसं? मला वाटतं, काळावरून. चिंतणारं मन भविष्यकाळात बोलतं: 'असं झालं तर? तसं होईल का?' साक्ष मात्र भविष्याची देता येत नाही. ती घडलेल्याची, असलेल्याची असते: 'हे मला पटलं नाही', 'या डॉक्टरांवर माझा विश्वास आहे', 'बाबांना हे नको होतं'. तुमच्या पुस्तिकेत हा भेद उदाहरणांनिशी जरूर द्या. माणसाला तो रात्री दोन वाजताही वापरता येईल.

'मनाचा कौल' हाही सुंदर पर्याय आहे. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा आधी गाऱ्हाणं घालून प्रश्न नीट मांडतात, मूर्तीला फुलं किंवा पाकळ्या चिकटवतात आणि उजवी पडते की डावी, याची सगळे गप्प राहून वाट पाहतात. (हा पुल्लिंगी कौल, छपरावरचं कौल नपुंसकलिंगी.) विचारणं आणि थांबणं, दोन्ही त्यात आहे. तरी मी तो मथळ्यात घेणार नाही, कारण देशावरच्या वाचकाला 'कौल' म्हटलं की निवडणुकीचा निकालच आठवतो. 'सदसद्विवेकबुद्धी' बरं-वाईट निवडते. पण दवाखान्यात पुष्कळदा दोन्ही वाटा चांगल्या असतात किंवा दोन्ही अवघड. 'अंतर्मन' मानसशास्त्राच्या पुस्तकांत जाणिवेखालच्या मनासाठी वापरतात, तेही इथे नको.

माझा मथळा असा: 'सुचेनासं झालं की थोडं थांबा, मग मनाला विचारा'. आत मजकुरात 'मन ग्वाही देतंय का पाहा' येऊ द्या. छापण्याआधी आईंना वाचून दाखवा, आणि त्यांनी एखादा शब्द बदलला तर तो मलाही कळवा.