काफळाच्या बाटल्या आणल्या, आता रोज प्यायच्या का?

प्रश्न : मे महिन्यात नैनिताल-अल्मोडा करून आलो. तिथे रस्त्याच्या कडेला बायका टोपलीत काफळं घेऊन बसतात, मीठ लावून खाल्ली, भारी लागली. येताना सरबताच्या बाटल्या पण घेतल्या. मुलगा म्हणतो हे सुपरफूड आहे, संत्र्याच्या दहापट व्हिटॅमिन सी असतं, रोज पीत जा. खरं आहे का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, मीठ लावून खाल्ली ना, तीच खरी कमाई. काफळ हे हिमालयातलं साधारण हजार ते दोन हजार मीटर उंचीवरचं फळ, एप्रिल ते जूनच पिकतं आणि तोडल्यावर दोन-तीन दिवसांत खराब होतं, म्हणून तर आपल्या कॉटन मार्केटपर्यंत कधी पोचत नाही. त्याच्यात घेण्यासारखं काय, तर तो लाल-जांभळा रंग, म्हणजे अँथोसायनिन, आणि तुरटपणा देणारी पॉलिफेनॉल्स. थोडा फायबर पण मिळतो. (ह्याच झाडाची साल म्हणजे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातलं कायफळ, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.)

आता बाटलीचं बघा. मागचं लेबल वाचा, त्यात जे वजनाने जास्त ते आधी लिहावं लागतं, आणि साखर पहिल्या नंबरवर असली तर काय समजायचं ते समजा. वरून उकळलेलं, महिनोनमहिने ठेवलेलं, व्हिटॅमिन सी राहील कुठून? पाहुणे आले की द्या, टाकून नका देऊ, पण रोजचं औषध म्हणून नको.

आणि दहापटीचं म्हणाल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात 100 ग्रॅम संत्र्यात साधारण 43 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आहे, आवळ्यात 252. म्हणजे आवळासुद्धा सहापटच! जांब (पेरू हो) 200 च्या वर. दिवसाची गरज किती, पुरुषाला 80, बाईला 65 मिलिग्रॅम. एक मध्यम जांब खाल्ला की विषय संपला. मुलाला सांगा, डोंगर उंच असला म्हणून फळात व्हिटॅमिन वाढत नसते.

प्रश्न : लडाखच्या सी बकथॉर्नची पावडर ऑनलाइन विकून राहिले, चांगली महाग आहे. सासऱ्यांसाठी मागवू का? त्यांना हार्टच्या गोळ्या सुरू आहेत.
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : फळ खरंच जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. लडाखच्या थंड वाळवंटात काटेरी झुडपावर नारिंगी मण्यांसारखं लगडतं, हिवाळ्यात गोठून फांदीवरच राहते तरी चालते. ताज्या फळात व्हिटॅमिन सी शंभर ग्रॅमला काही शे मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं, पण जात, जागा, तोडणीची वेळ ह्यावर आकडा इतका बदलतो की पाकिटावरच्या एका आकड्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही. गरातल्या तेलात पामिटोलिक ॲसिड असतं, ज्याला ओमेगा-7 म्हणतात, फळांत हे सहसा सापडत नाही. पण ताजं फळ वेगळं आणि पावडर वेगळी, कशी वाळवली, किती जुनी, काय मिसळलं, काही कळायला मार्ग नाही.

सासऱ्यांच्या गोळ्यांमध्ये रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग ऑर्डर करा. उलट नको.

आणि रानमेवाच खायचा तर लडाखला कशाला जाता? चिखलदऱ्याकडे उन्हाळ्यात गेलात तर टेंभरं (तेंदूची फळं) मिळतात, चारं मिळतात. चाराच्या बीमधली चारोळी आपण नुसती श्रीखंडावर भुरभुरतो, पण शंभर ग्रॅमला साधारण 19 ग्रॅम प्रथिनं आणि 59 ग्रॅम फॅट आहे त्यात, म्हणजे सुकामेवाच झाला, मूठभर खाऊ नका एवढंच. बिब्याचं पिवळं-नारिंगी बोंड भाजून खातात आणि आतली गोडंबी लाडवात घालतात, पण बी फोडायचं काम माहितगारांनाच करू द्या, कवचातलं तेल उतलं की अंगावर फोड येतात.

प्रश्न : किलमोड्याच्या फळांनी शुगर उतरते का? व्हॉट्सॲपवर आलं होतं.
– एक वाचक, सदर

उत्तर : किलमोडा म्हणजे हिमालयातलं काटेरी झुडूप, आपल्या दारुहळदीच्या कुळातलं. शुगर उतरवतं म्हणून ज्याचा बोलबाला आहे ते बर्बेरीन नावाचं द्रव्य त्याच्या मुळात आणि सालीत जास्त असतं, आंबट-जांभळ्या फळात नाही. फळं फिरायला गेलात तर आरामात खा, तेही जे स्थानिक माणूस ओळखून देईल तेच. बर्बेरीनच्या कॅप्सूल मात्र मनाने घेऊ नका, शुगरच्या गोळीसोबत घेतल्या तर शुगर जास्तच खाली जाऊ शकते, आणि गरोदर बाईने तर अजिबात नाही. गोळी बंद करायचा विचार असेल तर तो आधी मनातून काढा.