पताका का थरथरतात?

प्रश्न : वडिलांनी मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर टिपलेली पालखीची कॅसेट संगणकावर उतरवली. एस-व्हिडिओ वायरीने पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर लावली की पताका थरथरतात, चालणारे वारकरी झटके खातात. फाइल बिघडली का?
– एक वाचक, सासवड

उत्तर : फाइल बहुधा शाबूत आहे. कृपा करून ती पुसू नका आणि कॅसेटही टाकू नका!

आपल्याकडच्या पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन फील्डमध्ये विभागलेलं: एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. म्हणजे सेकंदाला ५० फील्ड, आणि प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचं. चालीतला मऊपणा येतो तो इथूनच. संगणक दोन्ही फील्ड एकत्र करतो, ५७६ ओळींचं चित्र टीव्हीसाठी आक्रसतो, आणि दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. फील्डचा क्रम उलटला तर माणूस पुढे-मागे हलतो. डीव्हीमध्ये, म्हणजे तुमच्या कॅसेटच्या डिजिटल स्वरूपात, खालचं (सम ओळींचं) फील्ड आधी येतं.

संगणकाचं टीव्ही आउट (टीव्हीला चित्र पाठवण्याची सेटिंग) पालवर ठेवा, रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र नव्याने उमटण्याचा वेग, ५० हर्ट्झ. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डीइंटरलेस (फील्ड सुटी करून पूर्ण चित्रं बनवण्याची सोय) चालू करून त्यातला ‘याडिफ २एक्स’ हा पर्याय निवडा. प्रत्येक फील्डचं पूर्ण चित्र बनतं. ‘ब्लेंड’ हा पर्याय मात्र नको, त्याने हलणाऱ्या माणसांमागे सावल्या उमटतात.

माझी खरी पसंती वेगळी आहे. कॅमेरा चालू असेल आणि फायरवायर या संगणक-कॅमेरा जोडणाऱ्या वायरीवरून डीव्ही आत घेत असेल, तर फाइल त्याच्यातूनच टीव्हीला द्या. तो फील्डना हातच लावत नाही.