१९२२ साली काय सापडलं, आणि ते कधी कळलं

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. १९२२ला पुरातत्त्वाचं सुवर्णवर्ष का म्हणतात, आणि मोहेंजोदडोच्या शोधाचं साल एका पुस्तकात १९२१, दुसऱ्यात १९२२ आणि तिसऱ्यात १९२४ का असतं? दुसरा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की पहिला निम्मा सुटतो.

तिन्ही सालं आपापल्या जागी बरोबर आहेत. जानेवारी १९२१ मध्ये दयाराम साहनींनी खणायला घेतलं ते हडप्पा. १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जींनी हात घातला तो मोहेंजोदडोला. आणि सप्टेंबर १९२४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांनी जाहीर केलं की या दोन्ही जागा एकाच, तोवर कुणाच्या गावीही नसलेल्या संस्कृतीच्या आहेत. पाठ्यपुस्तकाला एकच साल हवं असतं, त्यामुळे ज्याला जे सोयीचं वाटलं ते त्याने उचललं.

आणखी मागे जायचं तर हडप्पा १९२१ च्याही कितीतरी आधी ‘सापडलेलं’ होतं. पुढे पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख झालेले अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे १८५० च्या दशकात दोनदा आणि १८७२-७३ मध्ये पुन्हा गेले होते. लाहोर–मुलतान रेल्वेच्या ठेकेदारांनी तिथल्या भाजक्या विटा काढून रुळांखाली भर म्हणून टाकल्या होत्या, सुमारे शंभर मैल लांबीच्या मार्गाला पुरतील इतक्या. तिथली एक मुद्रा (ठसा उठवायचा शिक्का) कनिंगहॅमनी छापलीसुद्धा: बैलाचं चित्र, वर सहा अक्षरं. बैलाला वशिंड नाही आणि लिपी भारतीय दिसत नाही, तेव्हा ही वस्तू परदेशी असावी, असा निष्कर्ष काढून ते मोकळे झाले. म्हणजे सिंधू संस्कृतीची मुद्रा हातात होती, छापून झाली होती, आणि तरीही ती जवळपास पन्नास वर्षं मुकी राहिली.

मोहेंजोदडोची गोष्ट मराठी वाचकाला जरा जास्त टोचेल. १९११-१२ मध्ये देवदत्त रामकृष्ण भांडारकर, म्हणजे रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव, पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे अधीक्षक म्हणून तिथे जाऊन आले होते. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे ते टेकाड त्यांच्याच हद्दीत येत होतं. त्यांनी अहवालात लिहिलं की हे जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचं गाव आहे, विटा अर्वाचीन घडणीच्या आहेत आणि कोरीव काम कुठेच दिसत नाही. हे वाचून बरेच जण भांडारकरांची टर उडवतात. मला ते पटत नाही. हा माणूस शिलालेखांचा आणि नाण्यांचा पट्टीचा जाणकार होता, पुढे मध्य प्रदेशातल्या बेसनगरला हेलिओडोरस या ग्रीक दूताच्या स्तंभाभोवती त्यांनी केलेलं खोदकामही उत्तम आहे. पण एकाच साच्यातून काढल्यासारखी, कडक भाजलेली वीट भारतात बुद्धाच्याही दोन हजार वर्षं आधी असू शकते, हे तेव्हा कोणाच्याच हिशेबात नव्हतं. ज्या काळासाठी डोक्यात कप्पाच नाही, त्या काळाची वस्तू ठेवणार कुठे?

बॅनर्जी नंतर त्याच पदावर आले. ते शोधत होते भलतंच: सिकंदराने परत फिरताना उभारलेल्या बारा वेद्या. त्या काही मिळाल्या नाहीत. पण मोहेंजोदडोच्या टेकाडावर त्यांना गारगोटीचं एक तासणीसारखं हत्यार दिसलं आणि जागा फार जुनी असल्याचा वास त्यांना आला. माथ्यावर कुषाणकाळातला (इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला) बौद्ध स्तूप होता, खणायचं रीतसर निमित्त तोच. स्तूपाच्या खालच्या थरांत हडप्प्याच्या जातीच्या मुद्रा मिळाल्या. माझ्या मते खरा शोध तो आहे. वस्तू मिळाली हे भाग्य, पण ती स्तूपाच्या खूप खालची आणि म्हणून खूप आधीची आहे हे तिथे उभं राहून ओळखणं, हे काम बॅनर्जींचं.

तरीही ‘किती आधीची’ हे कोडं राहिलंच. लिपी वाचता येत नव्हती (अजूनही येत नाही), राजाचं नाव नाही, कुठे सालाचा पत्ता नाही. मार्शल यांनी दोन्हीकडच्या वस्तू एकत्र मांडून पाहिल्या आणि २० सप्टेंबर १९२४ च्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये छायाचित्रांसह लेख लिहिला. त्याच्या पुढच्या पंधरवड्यात जे झालं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत रंगतदार वाटतं. आठवड्याभरात सेस या जुन्या अभ्यासकाचं पत्र आलं की या मुद्रा इराणातल्या सूसामध्ये मिळालेल्या जुन्या लेखपाट्यांशी जुळतात. त्यामागोमाग ब्रिटिश म्युझियमच्या गॅड आणि स्मिथ या दोघांनी मेसोपोटेमियाशी, म्हणजे प्राचीन इराकशी असलेली साम्यं दाखवली. इराकातल्या किश इथे खणणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांनीही, आपल्याकडे अगदी अशीच मुद्रा मिळाली आहे, असं मार्शलना कळवलं. मेसोपोटेमियात राजांच्या याद्या होत्या, वाचता येणाऱ्या मातीच्या पाट्या होत्या, त्यामुळे तिथल्या थरांना काळ होता. सिंधूला स्वतःचं घड्याळ नव्हतं, ते शेजाऱ्याकडून मिळालं. तारीख एकदम इ. स. पूर्व तिसऱ्या सहस्रकात गेली.

आता १९२२ कडे वळतो, कारण त्या घड्याळाचा मोठा भाग त्याच वर्षी जमिनीतून बाहेर यायला लागला होता.

नोव्हेंबर १९२२ च्या सुरुवातीला इराकच्या दक्षिणेत ऊर इथे लिओनार्ड वूली यांनी ब्रिटिश म्युझियम आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाच्या वतीने काम सुरू केलं. पहिल्याच हंगामात जागेचा अंदाज घ्यायला दोन चर मारले. त्यातल्या एकात थोड्याच दिवसांत सोन्याचे आणि मौल्यवान खड्यांचे मणी यायला लागले. दुसरा कोणी असता तर सगळी माणसं त्या चरावर लावली असती. वूलींनी तो चर बंद केला. कारण सरळ होतं. मजूर नवे होते, हात कच्चे होते, मणी खिशात जात होते, आणि आजूबाजूच्या खापरांचा क्रम अजून लागलेला नव्हता. त्यांनी सापडलेल्या वस्तूमागे बक्षिसी देण्याची पद्धत बसवली, माणसं तयार केली, आणि त्या चराकडे पुन्हा वळले ते थेट १९२६ मध्ये. चार वर्षं! पुरातत्त्वात मला आदर वाटणाऱ्या प्रसंगांची यादी करायला सांगितली तर हा न खणण्याचा प्रसंग पहिल्या नंबरावर ठेवीन.

त्या थांबण्याचं फळ काय मिळालं ते पाहा. तिथे जवळपास अठराशे थडगी निघाली, त्यांतली सोळा वूलींच्या मते राजघराण्याची, सुमारे इ. स. पूर्व २६०० ते २५०० च्या आसपासची. पुआबी राणीचं थडगं तिच्या दंडगोल मुद्रेवरच्या नावावरून ओळखता आलं. एका मोठ्या खड्ड्यात ७४ माणसं ओळीने पडलेली होती, त्यांतल्या ६८ स्त्रिया, डोक्यावर दागिने तसेच. वाद्यांचं लाकूड केव्हाच कुजून गेलेलं, मातीत फक्त पोकळी उरलेली. वूलींनी त्या पोकळीत प्लास्टर ओतून वाद्याचा आकार मिळवला. १९२२ मधल्या नवशिक्या हातांना ती पोकळी दिसलीसुद्धा नसती, कुदळीच्या एका घावात ती गेली असती.

आणि या थडग्यांत तांबड्या अकिकाचे लांबट मणी होते, पांढऱ्या रेषांची नक्षी उठवलेले मणीही होते. हा माल सिंधूकडचा. पुढे १९३२ मध्ये गॅड यांनी ऊरमध्ये मिळालेल्या सिंधू धाटणीच्या मुद्रांवर स्वतंत्र निबंधच लिहिला. म्हणजे ज्या वर्षी बॅनर्जी स्तूपाखाली उतरत होते, त्याच वर्षी, कोणाचा कोणाला पत्ता नसताना, वूलींच्या चराजवळच बॅनर्जींच्या कोड्याचं उत्तर मातीत पडून होतं.

आता इजिप्तचा राजा तुतनखामुन. तुम्हाला सुवर्णवर्ष म्हटल्यावर हाच अपेक्षित असणार, आणि मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. ४ नोव्हेंबर १९२२ ला राजांच्या दरीत हॉवर्ड कार्टर यांच्या माणसांना खडकात कोरलेली पहिली पायरी लागली. पैसा लॉर्ड कार्नार्व्हन यांचा, आणि ते कंटाळले होते. हा शेवटचा हंगाम, असं ठरूनच काम सुरू झालं होतं. पायऱ्या इतकी वर्षं वाचल्या त्या नंतरच्या काळातल्या कामगारांच्या झोपड्यांमुळे. जवळच सहाव्या रामसेसचं थडगं आहे, आणि त्या झोपड्या नेमक्या या तोंडावर उभ्या होत्या. २६ नोव्हेंबरला आतल्या दारात भोक पाडून कार्टर यांनी मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं. त्या क्षणी ते नेमकं काय म्हणाले याचे त्यांच्याच लिखाणात आणि इतरांच्या आठवणीत वेगवेगळे पाठ आहेत, त्यामुळे ते प्रसिद्ध वाक्य शब्दशः कुठे वापरू नका.

पण इथेही साल पाहा. पायरी १९२२ ची. दफनाची खोली फेब्रुवारी १९२३ मध्ये उघडली. एप्रिलमध्ये कार्नार्व्हन वारले, डास चावलेली जखम चिघळून रक्तात विष भिनलं आणि न्यूमोनिया झाला. शापाची कथा तिथून सुरू झाली, तिला मी एवढीच जागा देतो. सोन्याचा मुखवटा दिसला ऑक्टोबर १९२५ मध्ये. पाच हजारांहून अधिक वस्तूंची नोंद करून थडगं रिकामं व्हायला १९३२ उजाडलं. या संथपणाचं श्रेय कार्टर यांच्याइतकंच हॅरी बर्टन यांच्या छायाचित्रांना आणि आल्फ्रेड लुकास या रसायनतज्ज्ञाला आहे. हात लावला तर भुगा होईल अशा चपला आणि कापडं त्यामुळे आज बघायला मिळतात.

इतिहासाच्या ज्ञानात या थडग्याने भर किती घातली, असं विचाराल तर माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही: सोन्याच्या मानाने कमी. एका पेटीत गुंडाळ्या दिसल्या तेव्हा पपायरसवरचे लेख मिळाले म्हणून अभ्यासक हरखले होते. उघडल्यावर त्या राजाच्या कापडी लंगोट्या निघाल्या. राज्यकारभाराचा एकही दस्तऐवज तिथे मिळाला नाही. इ. स. पूर्व १३२० च्या सुमाराला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा कसा पुरला, त्याच्यासोबत काय ठेवलं, हे मात्र इतक्या तपशिलात दुसरीकडे कुठेच कळत नाही. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. फेब्रुवारी १९२२ मध्येच ब्रिटनने इजिप्तचं स्वातंत्र्य मान्य केलं होतं. नव्या सरकारने या खजिन्याची खणणारे आणि सरकार यांच्यात जुन्या पद्धतीने वाटणी होऊ दिली नाही आणि तो कैरोतच राहिला. आठ-दहा महिन्यांचा फरक पडला असता तर काय झालं असतं, हा विचार अधूनमधून माझ्या मनात येतो.

बाकीचं झटपट. फेब्रुवारी १९२२ मध्ये लेबनॉनमधल्या बिब्लोसला समुद्राकडचा कडा ढासळला आणि एका राजाचं थडगं उघडं पडलं. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मोंते यांना तिथेच पुढच्या वर्षी बिब्लोसचा राजा अहिराम याची शवपेटी मिळाली, जिच्यावरचा लेख फिनिशियन वर्णमालेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक आहे. सीरियात ड्युरा-युरोपोसला क्यूमाँ यांनी काम हाती घेतलं. मेक्सिकोत क्विक्विल्कोला कमिंग्ज यांनी लाव्हारसाखाली गाडला गेलेला गोल पिरॅमिड मोकळा करायला घेतला.

आणि याच वर्षातला एक दात सांगायचा राहिला, जरी तो काटेकोरपणे पुरातत्त्वात बसत नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्कात मिळालेल्या एका झिजलेल्या दाढेवरून हेन्री ऑसबॉर्न यांनी १९२२ मध्ये अमेरिकेतला पहिला मानवसदृश प्राणी जाहीर केला, त्याला भारदस्त लॅटिन नाव दिलं, वृत्तपत्रांनी त्याचं बायकोसह चित्रही छापलं. त्याच जागी पुन्हा खणल्यावर १९२७ मध्ये दावा मागे घ्यावा लागला. दाढ पेकारी नावाच्या, डुकरासारख्या प्राण्याची होती.