चोरवाट आकड्यांत लपू शकते का?

प्रश्न : मी मुलुंडच्या एका पतपेढीचा संगणक विभाग सांभाळतो. कूटलेखनाची (एन्क्रिप्शनची) पद्धत प्रमाणित आणि सर्वांना खुली असेल, तर तीत चोरवाट (बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची सोय) ठेवणे अशक्यच आहे, असे आमचे एक संचालक म्हणतात. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : संचालकांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे असले, तरी त्यातला ‘अशक्यच’ हा शब्द टिकणारा नाही. कूटलेखनाच्या किल्ल्या यादृच्छिक (रँडम, म्हणजे अंदाज न बांधता येणाऱ्या) अंकांपासून तयार होतात आणि ते अंक कोणाला आधीच काढता आले, तर पुढची सारी गणिती तटबंदी व्यर्थ ठरते. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेने २००६ मध्ये असे अंक निर्माण करण्याच्या ज्या पद्धती प्रसिद्ध केल्या, त्यांत ‘ड्युअल ईसी डीआरबीजी’ ही एक होती. तिच्यात एका वक्रावरचे दोन ठरावीक बिंदू वापरायचे होते. ते कोणी व कसे निवडले, याचा खुलासा मात्र मानकात नव्हता. या बिंदूंमधले गुप्त नाते ज्याला ठाऊक असेल, त्याला या पद्धतीतून निघालेले केवळ ३२ बाइट पाहून पुढचे अंक सांगता येतील, हे डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन या संशोधकांनी २००७ मध्येच दाखवून दिले होते. म्हणजे प्रणालीची ओळ न् ओळ वाचूनही हाती काही लागले नसते, कारण संशयाची जागा आज्ञांमध्ये नव्हती, स्थिरांकांमध्ये होती. तरीही निस्टने ही पद्धत वगळण्याचे ठरवले ते २०१४ मध्ये, एडवर्ड स्नोडेन यांनी ‘एनएसए’ या अमेरिकी गुप्तचर संस्थेची कागदपत्रे उघड केल्यावर. हा विलंब मला अक्षम्य वाटतो.

अशी वाट ठेवणाऱ्याच्याच ताब्यात राहते, असेही नाही. नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या ज्युनिपर कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये आपल्या फायरवॉलच्या प्रणालीत अनधिकृत फेरफार झाल्याचे जाहीर केले; अभ्यासकांनी तपासले, तेव्हा याच पद्धतीतला एक बिंदू कोणीतरी बदलल्याचे आढळले. याउलट ‘एसएचए-२५६’ या, माहितीचा ठरावीक लांबीचा ठसा काढणाऱ्या, प्रमाणित पद्धतीतले स्थिरांक पहिल्या मूळ संख्यांच्या वर्गमुळांतून आणि घनमुळांतून घेतलेले आहेत, त्यामुळे ते कोणालाही स्वतः पडताळून पाहता येतात.

ज्युनिपरच्या त्याच प्रकरणात दुसरी, अगदी साधी चोरवाटही निघाली होती : प्रणालीतच लिहून ठेवलेला पासवर्ड. पतपेढीला खरा धोका बहुधा याच प्रकारचा असतो. तेव्हा फायरवॉलची अद्यतने वेळेवर घ्यावीत, आणि विक्रेत्याने देखभालीसाठी कायमचे खाते किंवा सर्व ग्राहकांसाठी एकच पासवर्ड ठेवू नये, असे कलम वार्षिक देखभाल करारात लेखी घालून घ्यावे.